कपड्याचं वजन लेबलवर छापा: सोलापूरच्या कापड व्यापाऱ्यांना आणि गारमेंट कारखानदारांना खुलं पत्र

प्रति,
चाटी गल्ली आणि नवी पेठेतले कापड व्यापारी,
आणि सोलापुरातले तयार कपड्यांचे सर्व कारखानदार,

सप्रेम नमस्कार.

मी सोलापुरात शिवणकाम करते. ब्लाउज, परकर, पंजाबी ड्रेस, मे-जूनमध्ये शाळेचे गणवेश. हल्ली मात्र नवीन शिलाईपेक्षा दुरुस्तीच जास्त येते. दोन-चार महिन्यांपूर्वी घेतलेला कुडता काखेत विस्कटला, गाऊन पाठीवर विरला, शर्टाची कॉलर गोळे येऊन खरखरीत झाली, परकर पहिल्या धुण्यातच आटून घोट्याच्या वर गेला. पूर्वी असे कपडे वापरून वापरून जीर्ण झाल्यावर माझ्याकडे यायचे. आता बिलाची पावती पिशवीत असतानाच येतात. आणि बायका पावती दाखवून विचारतात, "एवढे पैसे दिले, मग कापड असं का?"

तो प्रश्न मी तुमच्याकडे पाठवते आहे, कारण त्याचं उत्तर तुमच्याकडे आहे. माझी मागणी एकच आहे आणि ती सुरुवातीलाच सांगते. तुम्ही विकता त्या प्रत्येक सुती कपड्याच्या लेबलवर दोन गोष्टी छापा: कापडाचं वजन, म्हणजे तुम्ही आपसात ज्याला जीएसएम म्हणता तो आकडा, आणि सुताचा, म्हणजे कापसाच्या धाग्याचा, खरा टक्का. साइज आणि किंमत छापता तशाच ठळक अक्षरात.

वजनाचा आग्रह का, ते सांगते. टी-शर्टाचं चांगलं कापड साधारण 180 जीएसएमचं असायचं, म्हणजे एका चौरस मीटरला 180 ग्रॅम. आज त्याच किमतीत, कधी जास्त किमतीत, 140 चा माल सर्रास हातात पडतो. म्हणजे प्रत्येक चौरस मीटरमागे 40 ग्रॅम सूत कमी, टक्क्यात 22. गिऱ्हाइकाला किंमत तीच दिसते, म्हणून महागाई झाल्यासारखं वाटत नाही. पण कपडा निम्मे दिवसही टिकत नाही आणि ती बाई पुन्हा दुकानात येते. वर्षाला दोन गाऊन पुरायचे तिथे चार लागतात. या भाववाढीचा हिशेब कुठल्याही पावतीवर येत नाही, तो घरातल्या कपाटात दिसतो.

पातळ कापड हाताला कळू नये म्हणून त्याला खळ भरपूर देतात, हे तुम्हाला मी सांगायला नको. दुकानात घडी उलगडली की कापड कसं भरीव, ताठ वाटतं. घरी पहिल्या पाण्यात सगळी खळ निघून जाते आणि मागे उरते ती चाळणी. मी कापड घेताना कोपरा दोन्ही हातांत धरून चोळून बघते. पांढरी भुकटी बोटांना लागली की ठेवून देते. पण तयार कपडा प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद असतो, तिथे गिऱ्हाइकाने काय चोळायचं? मोबाइलवरून मागवलेल्या कपड्याचं तर विचारूच नका, तिथे बघायला फक्त फोटो असतो.

वीण विरळ केली की शिवणीवरही परिणाम होतो, आणि हे शिवणारीशिवाय कुणाच्या लवकर लक्षात येत नाही. उभे-आडवे धागे घट्ट बसलेले नसले की शिवणीवर ताण आल्यावर धागे सरकतात. टीप शाबूत राहते आणि टिपेच्या शेजारचं कापड उघडं पडतं. बाई म्हणते, "उसवलंय, एक टीप मारून द्या." उसवलेलं नसतंच. तिथे टीप मारायला कापडच उरलेलं नसतं, आतून ठिगळ द्यावं लागतं. त्यात तयार कपड्यांत दाब सोडायचं तुम्ही बंदच केलं आहे. ओव्हरलॉकची पाव इंचाची कड, बस. पूर्वी बाजूच्या शिवणीत इंचभर दाब असायचा, पोरगं वाढलं की सोडून देता यायचा. आता वाढत्या पोराचा शर्ट दरवर्षी नवा.

ब्लाउजपीसचंच घ्या. टू बाय टू रुबिया म्हणजे उभं आणि आडवं, दोन्हीकडे दुहेरी पिळाचं सूत. आमच्या धंद्यातल्या पोरीही हे पहिल्या वर्षी शिकतात. या कापडाचा ब्लाउज घाम टिपायचा, रंग पक्का राहायचा. आता त्याच नावाखाली पॉलिस्टर मिसळलेला माल गठ्ठ्यात येतो. टेरी-रुबिया असं वेगळं नाव त्याला आहे, पण ते दुकानदार घाऊक व्यापाऱ्याशी बोलताना वापरतो. काउंटरवर बाईला सांगताना ते फक्त रुबिया होतं. मी इस्त्री ठेवली की कळतं, शिवणीवर चमक येते आणि कापड कुरकुरतं. एक धागा काढून जाळला की खात्री पटते. सूत कागदासारखं जळून मऊ राख होते. पॉलिस्टर वितळतं आणि टोकाला कडक मणी राहतो. हे मी घरी येणाऱ्या प्रत्येकीला शिकवते, पण दुकानात काडेपेटी घेऊन उभं राहायची वेळ गिऱ्हाइकावर यावी का?

आता तुम्ही म्हणाल, कापूस महागला. 2022 च्या मे महिन्यात रुईची, म्हणजे सरकी काढलेल्या कापसाची, खंडी एक लाखाच्या वर गेली होती, हे खरं. खंडी म्हणजे 356 किलो. तेव्हा तुम्ही भाव वाढवलेत, कुणी तक्रार केली नाही. पुढे रुई साठ हजारांच्या आसपास उतरली. कपड्यांचे भाव उतरलेले मला आठवत नाहीत.

आणि कापसाचा वाटा किती, तोही हिशेब मांडूया. एक क्विंटल कापूस जिनिंगमध्ये गेला की साधारण 34 किलो रुई निघते, बाकी सरकी आणि थोडी घट. सूतकताईत, विणाईत आणि कटिंगमध्ये जाणारी घट धरली तरी तेवढ्या रुईत साध्या वजनाचे शंभराच्या आसपास शर्ट होतात. 2025-26 चा हमीभाव मध्यम धाग्याला 7,710 रुपये आणि लांब धाग्याला 8,110 रुपये क्विंटल. खुल्या बाजारात अनेक शेतकऱ्यांना तेवढाही मिळत नाही. म्हणजे ज्या शर्टाला मी आठशे-नऊशे मोजते, त्यात शेतकऱ्याच्या हातात पडलेले पैसे ऐंशीच्या आत-बाहेर, तेही सरकीची किंमत धरून. कापूस उद्या दहा टक्क्यांनी चढला तर एका शर्टामागे आठ रुपये वाढायला हवेत. मराठवाड्यात बोंडअळी आणि पावसाने पिचलेल्या माणसाच्या नावावर शंभर-दीडशेची भाववाढ खपवू नका, ही माझी हात जोडून विनंती आहे.

मजुरी? आमच्या गल्लीत घरी बसून नगावर शिलाई करणाऱ्या बायका आहेत. त्यांच्या नगाचा दर कपड्याच्या किमतीबरोबर वाढलेला नाही. लूमवर बारा-बारा तास उभ्या राहणाऱ्या कामगाराचंही तेच. पूर्व भागात कुठल्याही बोळात विचारा.

मग पैसा जातो कुठे? काही तुमच्याच तोंडून ऐकलंय, आणि त्यातलं बरंच मला पटतं. विजेचे दर परवडत नाहीत. ऑनलाइन कंपन्या कमिशन घेतात, परत आलेल्या मालाचा भुर्दंड तुमच्यावर टाकतात. मॉलमध्ये "दोनवर एक फ्री" लागलं की तिसऱ्याची किंमत आधीच्या दोनांत चढवावी लागते. जाहिरात, मॉडेल, चकचकीत खोका. हे सगळे खर्च खरे आहेत. पण त्यातला एकही खर्च कपडा टिकाऊ करत नाही, आणि तो भरून काढायला तुम्ही सूत कापता, हे मला खटकतं. खोका काढा. सूत परत द्या.

करांचंही बोलते. 22 सप्टेंबर 2025 पासून अडीच हजारांपर्यंतच्या तयार कपड्यांवर पाच टक्के जीएसटी झाला. आधी हजाराच्या वरच्या कपड्याला बारा टक्के होता, त्यामुळे हजार ते अडीच हजारांच्या कपड्यांत सात टक्क्यांची सूट मिळाली. हजाराच्या आतल्या कपड्याला आधीही पाचच होते. म्हणजे रोजचा गाऊन, परकर, बनियन, पोरांची चड्डी घेणाऱ्या घराला त्यातून काहीच मिळालं नाही. उलट त्याच दिवशी कृत्रिम तंतूवरचा कर 18 वरून आणि कृत्रिम धाग्यावरचा 12 वरून पाचवर आला. पॉलिस्टर मिसळणं आणखी सोपं झालं. सरकारने तसं का केलं याची त्यांची कारणं असतील. पण तुम्ही त्याचा फायदा घेऊन सुताच्या जागी पॉलिस्टर घालणार असाल, तर निदान लेबलवर तसं लिहा.

कारण हे सोलापूर आहे. एप्रिल-मेमध्ये पारा 43-44 वर जातो. सूत हवेतला ओलावा आपल्या वजनाच्या सात-आठ टक्के धरून ठेवतं, पॉलिस्टर अर्धा टक्काही धरत नाही. घाम कापडात न शिरता अंगावरच राहतो. विडी वळत दिवसभर पत्र्याखाली बसणारी बाई, लूमच्या खोलीत उभा असलेला कामगार, भाजीची गाडी ढकलणारा माणूस, यांच्या मानेला आणि काखेला घामोळ्यांचे चट्टे मी मापं घेताना बघते. त्यांच्या कपड्यांच्या लेबलवर "कॉटन फील", "कॉटन टच", "कॉटन लुक" लिहिलेलं असतं. यातल्या कुठल्याही शब्दाचा अर्थ सुती असा होत नाही. घेणाऱ्याला मात्र कॉटन एवढंच दिसतं. आणि ते तसंच दिसावं म्हणून ते छापलेलं असतं.

1988 च्या वस्त्र ग्राहक संरक्षण विनियमात कापडावर कोणता तंतू किती टक्के आहे हे छापण्याची तरतूद आहे. जुन्या माणसांना आठवत असेल, ताग्याच्या काठावर गिरणीचं नाव आणि कापडाचा प्रकार शिक्क्यासारखा उमटलेला असायचा. आपल्या सोलापुरातल्या जुनी गिरणी, लक्ष्मी-विष्णू, नरसिंग गिरजी या गिरण्यांच्या कापडाला माणसं काठ बघून हात घालायची. तो काठ आता कटिंगच्या टेबलावरच कापला जातो आणि त्याच्या जागी मानेला टोचणारं एक नायलॉनचं चिठोरं शिवलं जातं. त्यावर धुण्याची पाच चित्रं असतात, सुताचा आकडा शोधावा लागतो.

शाळेच्या गणवेशाबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण त्यात तुमचं नाव देशभर आहे. सोलापुरात शिवलेले गणवेश कुठल्या कुठल्या राज्यांत जातात, याचा मलाही अभिमान आहे. समग्र शिक्षा योजनेत सरकारी शाळेतल्या मुलाच्या एका गणवेशाला 300 रुपये मिळतात. त्यात कापड, शिलाई, बटणं, वाहतूक सगळं बसवायचं. तेवढ्यात पूर्ण सुती गणवेश होत नाही, हे मी स्वतः शिवते म्हणून मला माहीत आहे. तुमच्यावर तो दोष नाही. 2024-25 मध्ये सरकारने कापड एकाच ठिकाणाहून घेऊन सगळ्या राज्याला वाटायचं ठरवलं, त्यात गणवेश उशिरा आले, मापं चुकली, कापडाच्या तक्रारी आल्या, आणि पुढच्या वर्षापासून खरेदी पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे आली. म्हणजे आता नमुना घेऊन तुम्ही थेट मुख्याध्यापकांसमोर आणि पालकांसमोर बसता. तिथे तुम्ही एक गोष्ट करू शकता: नमुन्यासोबत चिठ्ठी जोडा. या कापडात सूत इतके टक्के, वजन इतकं, आणि दर 300 च्या जागी किती केला तर सुताचा टक्का किती वाढवता येईल. हे पत्रक राज्यभरातल्या समित्यांच्या हातात गेलं तर सरकारकडे दर वाढवून मागायला त्यांच्याजवळ कागद असेल. खासगी शाळांच्या बाबतीत तर ही सबबही नाही. तिथे पालक ठरलेल्या दुकानातून सांगेल त्या किमतीला गणवेश घेतात, आणि त्यांना मिळतो तो 65 टक्के पॉलिस्टरचा शर्ट. पत्र्याच्या वर्गात, मार्चच्या दुपारी, सहा वर्षांच्या पोराच्या अंगावर.

वजन छापा म्हटल्यावर काही जण म्हणतील की कपड्यात असं कुठे चालतं. आपल्याच गावात चालतं. सोलापुरी टॉवेलचा घाऊक व्यवहार वजनावर होतो. डझनाला किती किलो भरतो, यावर भाव ठरतो. चादर हातात घेऊन तोलणारा जुना व्यापारी सुताचा नंबर, म्हणजे धागा किती बारीक ते, सांगतो. अशोक चौकापासून अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीपर्यंत हा हिशेब पोरासोरांना येतो. जे टॉवेलला जमतं ते शर्टाला आणि गाऊनला का जमू नये? तुमच्याकडे कापड येतं तेव्हा त्याचा जीएसएम तुम्हाला माहीत असतोच. तोच आकडा पुढे लेबलवर जायचा आहे. नवीन यंत्र नको, नवीन माणूस नको.

आणखी एक. सोलापुरी चादरीला आणि टेरी टॉवेलला भौगोलिक मानांकन आहे. तरीही बाहेरगावी बनलेली, पॉलिस्टर मिसळलेली चादर सोलापुरी म्हणून देशभर विकली जाते, आणि त्याबद्दल तुम्ही संतापता. योग्यच आहे. तीन पिढ्या हातमागावर आणि पुढे यंत्रमागावर घालवलेल्या पद्मशाली घरांची पत त्यात बुडते आहे. ती चादर घेणारा फसतो, कारण त्याला दिसतं नाव आणि मिळतं दुसरंच. अगदी हेच "कॉटन" लिहिलेल्या गाऊनमध्ये आमच्या वाट्याला येतं. तुम्ही स्वतः खरं छापायला लागलात तर नकली चादरीविरुद्धच्या तुमच्या लढाईत आम्ही गिऱ्हाइकं तुमच्या बाजूने उभी राहू, हे मी नुसतं म्हणायचं म्हणून म्हणत नाही.

सुती कपड्याची किंमत फक्त अंगावर असेपर्यंत नसते, हेही या निमित्ताने लिहायचं आहे. जुन्या सुती साडीची गोधडी व्हायची. धोतराची दुपटी, लंगोट, झबली व्हायची, कारण वापरून मऊ झालेलं सूत बाळाच्या अंगाला सगळ्यात चांगलं. शेवटी उरलेल्या चिंध्यांनी फरशी पुसायची. एक साडी घरात पंधरा-वीस वर्षं रूप बदलत राहायची. आता बाळंतिणीच्या घरून दुपट्यासाठी जुनं मऊ कापड मागायला माणूस येतो आणि घरभर शोधून एक साडी निघत नाही. सगळ्या निसरड्या. त्यांची गोधडी भरली तर ऊब धरत नाही आणि पुसायला घेतलं तर पाणी टिपत नाही. हे नुकसान कुणी रुपयांत मांडलेलं नाही, पण ज्यांचं घर चार पैसे वाचवून चालतं त्यांना ते रोज भरावं लागतं.

तेव्हा सगळ्यांनी एकाच दिवशी सगळं बदला असं मी म्हणत नाही. कारखानदारांनी जूनच्या हंगामासाठी जो माल कटिंगला घ्याल त्यात गणवेश, गाऊन आणि परकर या तीन मालांच्या लेबलवर जीएसएम आणि सुताचा टक्का घालायला सुरुवात करावी. दुकानदारांनी टेरी-रुबिया आणि रुबिया वेगळ्या कप्प्यांत ठेवावी, नावाने विकावी, दोन्हीचा भाव लिहून लावावा. स्वस्त हवं त्याने स्वस्त घ्यावं, माहीत असून घ्यावं. आटणारं अस्तर आणि परकराचं कापड विकताना "आधी भिजवून घ्या" एवढं तरी सांगावं, निम्म्या दुरुस्त्या तिथेच कमी होतील. आणि ज्यांना संघटनेच्या बैठकीत हा विषय मांडायचा असेल त्यांच्यासाठी माझ्याकडे आलेल्या विस्कटलेल्या कपड्यांचे तुकडे, त्यांच्या लेबलांसह, मी जपून ठेवले आहेत. दुकानाचं, कंपनीचं नाव कापून टाकलं आहे, कुणाची बदनामी करायची नाही. टेबलावर ठेवून तुम्हीच वजन करा आणि लेबलाशी ताडून बघा.

ज्या कारखान्याच्या पहिल्या लेबलवर खरा आकडा येईल, त्याचा माल मी माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक बाईला दाखवीन. त्यासाठी मला कमिशन नको.

कळावे,
आपली,
सोलापुरातली एक शिवणकाम करणारी